घटक ४ : ‘म्हणणे’ : एका क्रियापदाची अनेक कामे

घटक रचना

४.१ उद्दिष्टे
४.२ प्रास्ताविक
४.३ विषय-विवेचन
 ४.३.१ बोलणे, सांगणे आणि म्हणणे
 ४.३.२ ‘म्हणाला’ आणि ‘म्हटले’
 ४.३.३ उच्चारापलीकडचे ‘म्हणणे’
 ४.३.४ ‘म्हणून’ : क्रियापदापासून अव्ययापर्यंत
 ४.३.५ ‘म्हणजे’ आणि ‘म्हटले की’
 ४.३.६ ‘म्हणे’ आणि ‘म्हणतात’
 ४.३.७ दुसऱ्याचे म्हणणे लिहिताना
४.४ सारांश
४.५ पारिभाषिक शब्द
४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
४.७ सरावासाठी स्वाध्याय

४.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला :

• बोलणे, सांगणे आणि म्हणणे या तीन क्रियापदांच्या अर्थांतील व वाक्यरचनेतील भेद स्पष्ट करता येतील.
• ‘म्हणणे’ या धातूपासून तयार झालेल्या म्हणून, म्हणजे, म्हणे या अव्ययरूप शब्दांचे कार्य सांगता येईल.
• व्याकरणिकीकरण ही संकल्पना मराठी उदाहरणांच्या आधारे समजावून देता येईल.
• दुसऱ्याचे बोलणे लेखनात नोंदवताना योग्य क्रियापदाची आणि रचनेची निवड करता येईल.

४.२ प्रास्ताविक

शालेय व्याकरणात तुम्ही उभयान्वयी अव्ययांचे प्रकार शिकला आहात. ते प्रकरण पुन्हा उघडून पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येईल. ‘म्हणून’ हा शब्द तेथे एकदा नव्हे, तीनदा भेटतो. परिणामबोधक अव्ययांत तो आहे, उद्देशबोधक अव्ययांत आहे आणि स्वरूपबोधक अव्ययांतही आहे. विद्यार्थी हे वर्गीकरण पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात. परंतु एकच शब्द तीन खणांत का बसवावा लागला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

या प्रश्नाचे उत्तर अव्ययांच्या यादीत मिळणार नाही. ते मिळते एका क्रियापदाच्या इतिहासात. ‘म्हणून’ हे मुळात ‘म्हणणे’ या क्रियापदाचे धातुसाधित रूप आहे. करून, जाऊन, बसून ही जशी रूपे, तसेच म्हणून. बोलण्याची क्रिया दाखवणारा हा धातू भाषेत इतका वापरला गेला, की त्याची काही रूपे बोलण्याच्या अर्थापासून सुटी झाली आणि वाक्य वाक्याशी जोडण्याचे काम करू लागली. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मराठीच्या रूपांचा जो सूक्ष्म विचार केला, त्याने आपल्याला एक सवय लावली आहे. शब्दाची जात ठरवण्यापूर्वी तो वाक्यात कोणते काम करतो, हे पाहण्याची ती सवय आहे. या घटकात आपण त्याच दृष्टीने ‘म्हणणे’ या एका क्रियापदाकडे पाहणार आहोत.

हा विषय केवळ व्याकरणाच्या कुतूहलाचा नाही. तुमच्यापैकी कोणी वार्ताहर असेल, कोणी ग्रामसभेचे इतिवृत्त लिहीत असेल, कोणी कार्यालयात तक्रारी नोंदवत असेल. अशा प्रत्येक ठिकाणी ‘कोण, काय, कसे म्हणाले’ हे लिहावे लागते. तेथे एका क्रियापदाची चुकीची निवड एखाद्या माणसाच्या तोंडी त्याचे नसलेले शब्द घालू शकते.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ बोलणे, सांगणे आणि म्हणणे

मराठीत वाचिक क्रियेसाठी तीन मुख्य क्रियापदे आहेत. तिन्ही एकमेकांची जागा घेऊ शकतात असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. पुढील वाक्ये मोठ्याने वाचून पाहा.

(१) बाळ आता बोलू लागले आहे.
(२) मला बसची वेळ सांगा.
(३) ती म्हणाली, “आज शाळेला सुट्टी आहे.”

पहिल्या वाक्यात ‘सांगू लागले’ किंवा ‘म्हणू लागले’ चालणार नाही. दुसऱ्यात ‘वेळ बोला’ अथवा ‘वेळ म्हणा’ असे कोणी म्हणत नाही. याचे कारण प्रत्येक क्रियापद वाचिक क्रियेचा वेगळा भाग उजळवते.

बोलणे हे क्रियापद बोलण्याच्या क्रियेवर आणि क्षमतेवर भर देते. काय बोलले गेले, हे तेथे दुय्यम असते. ‘तो मराठी बोलतो’, ‘त्या दोघी तासभर बोलत होत्या’, ‘ती माझ्याशी बोलत नाही’ या वाक्यांत आशयाचा उल्लेखही नाही. समोरच्या व्यक्तीसाठी येथे ‘शी’ हा प्रत्यय येतो, कारण बोलणे दोघांत घडते. त्याऐवजी ‘ला’ हा प्रत्यय आला, की अर्थ बदलतो. ‘आई माझ्याशी बोलली’ म्हणजे संवाद झाला. ‘आई मला बोलली’ म्हणजे बोलणी खावी लागली.

सांगणे या क्रियापदाचा भर माहिती पोहोचवण्यावर आहे. म्हणून त्याला ऐकणारा लागतो आणि तो ‘ला’ प्रत्ययाने येतो. गोष्ट सांगतात, पत्ता सांगतात, भविष्य सांगतात. आज्ञा देण्याचा अर्थही याच क्रियापदात आहे : ‘त्याला थांबायला सांग.’

म्हणणे या क्रियापदाचा भर शब्दांवर आहे. जे शब्द उच्चारले गेले ते, जमल्यास जसेच्या तसे, पुढे ठेवणे हे त्याचे काम. म्हणून अवतरणचिन्हांच्या आधी ‘म्हणाला’ सर्वांत सहज बसते. पाठ असलेले शब्द पुन्हा उच्चारण्यासाठीही हेच क्रियापद येते : पाढे म्हणणे, आरती म्हणणे, प्रार्थना म्हणणे, गाणे म्हणणे. मजकूर आधीच ठरलेला असतो. म्हणणारा तो आपल्या आवाजात प्रकट करतो. म्हणूनच आपण आरती म्हणतो, पण गोष्ट सांगतो आणि खोटे बोलतो.

इंग्रजीत याच क्षेत्रात से, टेल, स्पीक आणि टॉक अशी चार क्रियापदे येतात. टेल हे आपल्या ‘सांगणे’च्या आणि से हे ‘म्हणणे’च्या जवळ आहे. मात्र सीमारेषा जुळत नाहीत. इंग्रजीत प्रार्थना ‘से’ करतात, तेथे मराठीशी मेळ बसतो. गाण्यासाठी मात्र इंग्रजीला दुसरे क्रियापद लागते. घड्याळ, पाटी, पत्र यांच्यासाठीही इंग्रजी ‘से’ वापरते. मराठीत घड्याळ दहा म्हणत नाही. घड्याळात दहा वाजलेले असतात. पाटीही काही म्हणत नाही. पाटीवर लिहिलेले असते. अनुवाद करताना ‘से’ दिसले की ‘म्हणणे’ लिहायचे, या सवयीने मराठी वाक्य परके वाटू लागते, ते यामुळेच.

येथे एका प्रचलित वादाचा उल्लेख करायला हवा. मुंबईच्या आणि कोकणपट्टीच्या बोलण्यात ‘तो बोलला की मी येतो’ अशी रचना सर्रास ऐकू येते. प्रमाण लेखनात येथे ‘म्हणाला’ अपेक्षित असते. या रचनेवर हसणे सोपे आहे. तिचे वर्णन करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. या बोलींत ‘बोलणे’ या क्रियापदाने ‘म्हणणे’चे क्षेत्र व्यापले आहे, असे आपण नोंदवावे आणि औपचारिक लेखन करताना प्रमाण भाषेचा संकेत पाळावा. या दोन गोष्टींत विरोध नाही.

४.३.२ ‘म्हणाला’ आणि ‘म्हटले’

भूतकाळात या तीन क्रियापदांचे वर्तन आणखी वेगळे होते.

(४) तो खूप बोलला.
(५) त्याने सगळे सांगितले.
(६) तो म्हणाला, “मी येतो.”
(७) त्याने आरती म्हटली.

मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी रूपाबरोबर कर्त्याला सामान्यतः ‘ने’ प्रत्यय लागतो : ‘त्याने पुस्तक वाचले.’ शिकणे, विसरणे, बोलणे अशी काही क्रियापदे याला अपवाद आहेत : ‘ती पत्ता विसरली.’ ‘म्हणणे’ मात्र दोन्हीकडे आहे. ‘म्हणाला’ या रूपाचा कर्ता प्रत्ययरहित असतो आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. ‘म्हटले’ या रूपाचा कर्ता ‘ने’ घेतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते. वाक्य (७) मध्ये ‘म्हटली’ हे रूप ‘आरती’मुळे आले आहे.

ही केवळ रूपांची दुहेरी सोय नाही. प्रत्यक्ष बोलणाऱ्या माणसासाठी ‘म्हणाला’ येते. मजकूर महत्त्वाचा असतो आणि बोलणारा मागे सरतो, तेव्हा ‘म्हटले’ पुढे येते. ‘अहवालात असे म्हटले आहे’ हे वाक्य नैसर्गिक आहे. ‘अहवाल असे म्हणाला’ हे नाही. ‘मंत्री म्हणाले’ असे लिहिले, की वाचक बोलण्याचा प्रसंग गृहीत धरतो; ‘मंत्र्यांनी म्हटले आहे’ असे लिहिले, की त्याला पत्रक किंवा लेखी निवेदन अपेक्षित असते. गाण्याच्या बाबतीत ‘ती गाणे म्हणाली’ आणि ‘तिने गाणे म्हटले’ या दोन्ही रचना बोलण्यात आढळतात. लेखी मजकुराच्या बाबतीत मात्र पर्याय राहत नाही.

जुन्या मराठीत ही विभागणी आजच्यासारखी नव्हती. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ या गद्यग्रंथात म्हाइंभट चक्रधरस्वामींची वचने ‘म्हणितले’ या रूपाने नोंदवतात आणि तेथे प्रत्यक्ष बोलणाऱ्या कर्त्यालाही तृतीयेचा प्रत्यय लागतो. आजचे ‘म्हटले’ हे त्याच ‘म्हणितले’चे आटोपशीर झालेले रूप होय. धातूचा उगम त्याहून मागे, संस्कृत ‘भण्’ आणि प्राकृत ‘भणइ’ यांच्यापर्यंत जातो. ‘बोलणे’ हेही प्राकृतातून आलेले आहे. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातील प्राकृत व्याकरणात ‘कथ्’ या धातूला पर्याय म्हणून दिलेल्या रूपांत ‘बोल्ल’ आढळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १

(अ) रिकाम्या जागी बोलणे, सांगणे, म्हणणे यांपैकी योग्य क्रियापदाचे रूप लिहा.
 १. मुलांनी एका सुरात कविता ______.
 २. तिला उद्या लवकर यायला ______.
 ३. ते दोघे भाऊ वर्षभर एकमेकांशी ______ नव्हते.
(आ) ‘आई मला बोलली’ आणि ‘आई माझ्याशी बोलली’ यांतील अर्थभेद एका वाक्यात सांगा.

४.३.३ उच्चारापलीकडचे ‘म्हणणे’

आतापर्यंतच्या उदाहरणांत कोणीतरी तोंडाने काही उच्चारले होते. पुढील उपयोगांत उच्चार मागे पडत जातो.

नाव देणे : ‘गोदावरीच्या या तीरावरील भागाला पंचवटी म्हणतात.’ शास्त्रीय लेखनातील व्याख्या याच उपयोगावर उभी असते. ‘क्रिया दाखवणाऱ्या शब्दास क्रियापद असे म्हणतात’ हे वाक्य लिहिताना आपण कोणाच्या तोंडचे शब्द सांगत नसतो. एक संकेत नोंदवत असतो.

मत किंवा बाजू : ‘तुमचे म्हणणे काय?’ येथे क्रियापदाचे नाम झाले आहे. महाराष्ट्रातील न्यायालयांत एखाद्या अर्जावर दुसऱ्या बाजूला ‘म्हणणे’ सादर करण्यास सांगितले जाते आणि वकील मंडळी त्यालाच ‘से देणे’ असेही म्हणतात. इंग्रजी क्रियापद येथे मराठी नामाच्या शेजारी नांदते आहे. हे म्हणणे बहुधा लेखी असते; त्यात आवाज नसतो, पण बाजू असते.

इरादा : ‘यंदा बाग छाटावी म्हणतो.’ निफाड किंवा दिंडोरीकडचा द्राक्षबागाईतदार हे वाक्य उच्चारतो, तेव्हा तो कोणाला काही ‘म्हणालेला’ नसतो. मनातला बेत तो पुढे ठेवतो. मनातल्या मनात केलेले बोलणे म्हणजेच विचार, ही कल्पना येथे व्याकरणात उतरली आहे. ‘म्हटलं, एकदा भेटून यावं’ या वाक्यातील ‘म्हटलं’ याचा अर्थही ‘मनात आले’ असाच आहे.

अचेतनाचे म्हणणे : ‘पाऊस थांबेन म्हणत नाही.’ या वाक्यातील ‘थांबेन’ या रूपाकडे लक्ष द्या. कर्ता पाऊस, म्हणजे तृतीय पुरुष. पण क्रियापद मात्र प्रथम पुरुषी. कारण ‘थांबेन’ हे पावसाच्या तोंडचे शब्द म्हणून आले आहेत. ‘ऊन मी म्हणत होते’ किंवा निफाडच्या कडाक्याच्या हिवाळ्याबद्दल ‘थंडी नुसती मी म्हणते आहे’ या रचनाही याच जातीच्या. ऊन, थंडी, पाऊस यांना मराठीने ‘मी’ म्हणण्याचा अधिकार दिला आहे आणि तो अलंकारात नव्हे, रोजच्या बोलण्यात.

४.३.४ ‘म्हणून’ : क्रियापदापासून अव्ययापर्यंत

आता प्रास्ताविकातील प्रश्नाकडे वळू. पुढील चार वाक्ये क्रमाने वाचा.

(८) “येतो” म्हणून तो निघाला.
(९) मी येतो म्हणून त्याने कळवले.
(१०) पाऊस येईल म्हणून तिने छत्री घेतली.
(११) पाऊस आला म्हणून सामना थांबला.

वाक्य (८) मध्ये ‘म्हणून’ हे सरळ क्रियापदाचे रूप आहे. ‘म्हणाला आणि निघाला’ असा त्याचा विस्तार होतो. वाक्य (९) मध्ये ते आधीच्या वाक्याला ‘हा कळवलेला मजकूर’ अशी खूण लावते. हे स्वरूपबोधक कार्य होय. वाक्य (१०) मध्ये तिने तोंडाने काही म्हटले असेलच असे नाही. ‘पाऊस येईल असे मनाशी म्हणून’ असा अर्थ आहे. मनाशी म्हटलेली गोष्ट ही कृतीमागची प्रेरणा असते. त्यामुळे येथे ‘म्हणून’ला कारणाचा अर्थ चिकटतो. ‘मुलगी शिकावी म्हणून ते शहरात आले’ या वाक्यात तीच प्रेरणा उद्देशाचे रूप घेते. वाक्य (११) मध्ये मात्र म्हणणारा कोणीच उरत नाही. सामना काही मनाशी म्हणू शकत नाही. येथे ‘म्हणून’ पूर्णपणे परिणामबोधक अव्यय झाले आहे.

स्वतःसाठी एक साधी कसोटी वापरा. ‘म्हणून’च्या जागी ‘असा विचार करून’ घालून पाहा. वाक्य (१०) टिकते. वाक्य (११) मोडते. जेथे वाक्य मोडते, तेथे क्रियापद संपले आणि अव्यय सुरू झाले असे समजावे.

स्वतंत्र अर्थ असलेला शब्द हळूहळू व्याकरणाचे काम करू लागतो, या प्रक्रियेला व्याकरणिकीकरण असे म्हणतात. ही संज्ञा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९१२ मध्ये रूढ केली. ‘म्हणून’ हे तिचे मराठीतील अत्यंत स्वच्छ उदाहरण आहे. शब्दाचे सर्व टप्पे आजच्या भाषेत एकाच वेळी जिवंत आहेत. शालेय व्याकरणातील तीन खण म्हणजे या एकाच प्रवासाचे तीन मुक्काम होत.

‘म्हणून’चे आणखीही काही उपयोग आहेत. ‘त्या शिक्षिका म्हणून काम करतात’ यात भूमिका, ‘पाटील म्हणून एक गृहस्थ’ यात नाव, ‘खळ्ळ म्हणून आवाज झाला’ यात ध्वनी आणि ‘एक म्हणून दाणा उरला नाही’ यात निर्धार व्यक्त होतो. सर्वत्र एक समान सूत्र आहे : ‘म्हणून’ आपल्या आधीच्या शब्दाला उचलून ‘हे असे म्हटले जाते’ अशी खूण लावते.

ही रचना एकट्या मराठीची नाही. कन्नडमध्ये ‘नानु बरुत्तेने एंदु हेळिद’ असे वाक्य येते. त्याचा शब्दशः अर्थ ‘मी येतो म्हणून (त्याने) सांगितले’ असाच होतो आणि ‘एंदु’ हे तेथील ‘म्हणणे’ अर्थाच्या धातूचेच रूप आहे. तेलुगूत ‘अनि’ आणि नेपाळीत ‘भनेर’ हेच काम करतात. संस्कृतातील ‘इति’ हा ‘म्हणणे’ अर्थाचा धातू नव्हे. पण तोही उद्धृत शब्दांच्या शेवटी येतो. एम. बी. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे अशी मांडणी केली. वेगवेगळ्या कुळांतील भाषा शेजारी नांदता नांदता रचनेने सारख्या होतात, हा त्या मांडणीचा गाभा. ‘म्हणून’ची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मराठीने याच कामासाठी फारसीतून आलेला ‘की’ही स्वीकारला. ‘की’ मजकुराच्या आधी येतो, ‘म्हणून’ नंतर येते. दोन शेजारांकडून आलेल्या दोन वाटा मराठी वाक्यात आज एकत्र चालतात.

४.३.५ ‘म्हणजे’ आणि ‘म्हटले की’

जुन्या मराठीत ‘म्हणिजे’ हे कर्मणी रूप होते; अर्थ ‘म्हटले जाते’. त्यापासून ‘म्हणजे’ आले. ‘पाहणे’पासून ‘पाहिजे’ झाले, तोच हा मार्ग. आज ‘म्हणजे’ समीकरणाचे चिन्ह आहे : ‘बळीराजा म्हणजे शेतकरी.’ ‘नीट अभ्यास करा, म्हणजे पेपर सोपा जाईल’ यात ते अट आणि फळ जोडते. बोलताना अडखळल्यावर आपण ‘म्हणजे…’ असे म्हणून पुढचा शब्द शोधतो; तेव्हा ते विचाराला सवड देते.

‘दिवाळी म्हटली की फराळ आलाच’ या रचनेत विषयाचा नुसता उच्चार झाला, की त्याच्याशी जोडलेले सारे आपोआप समोर येते, असा भाव आहे. ‘म्हटले तर सोपे, म्हटले तर अवघड’ या वाक्यात तर वस्तूचे स्वरूपच म्हणणाऱ्याच्या दृष्टीवर सोपवले जाते.

४.३.६ ‘म्हणे’ आणि ‘म्हणतात’

(१२) लासलगावला कांद्याचे भाव उतरले.
(१३) लासलगावला कांद्याचे भाव उतरले म्हणे.

दोन्ही वाक्यांतील बातमी एकच आहे. फरक जबाबदारीचा आहे. (१२) चा वक्ता बातमीची हमी देतो. (१३) चा वक्ता ‘मी हे ऐकले आहे, पाहिलेले नाही’ असे सुचवतो. पावसाळ्यात नाशिककर गोदेच्या पुराचा अंदाज दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून घेतात. ‘मारुतीच्या कमरेला पाणी लागले’ असे म्हणणारा माणूस घाटावर जाऊन आलेला असतो. ‘लागले म्हणे’ असे म्हणणारा घरीच असतो. दोन अक्षरांच्या या शब्दाने माहितीचा उगम कळतो.

‘म्हणतात’ हेही ऐकीव माहिती दाखवते, पण त्याची जात वेगळी. ‘राम-सीता पंचवटीत राहिले होते, असे म्हणतात’ येथे परंपरेने सांभाळलेली समजूत आहे. ‘म्हणे’ ताजी, कानावर आलेली वार्ता दाखवते. शिवाय ‘म्हणे’ वाक्याच्या आरंभी आले, की उपरोध उमटतो : ‘म्हणे वेळ मिळाला नाही!’

‘म्हणे’ हे मुळात जुन्या वर्तमानकाळाचे रूप. अर्थ ‘म्हणतो’ किंवा ‘म्हणते’. संतांच्या अभंगांतील ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ या नाममुद्रांत ते पूर्ण क्रियापद आहे आणि त्याला नाव असलेला कर्ता आहे. अभंगाच्या शेवटी येणारी ही मुद्रा सांगते की हे शब्द माझे आहेत आणि त्यांना मी उत्तरदायी आहे. आजच्या ‘म्हणे’तून कर्ता निघून गेला आणि त्याबरोबर उत्तरदायित्वही निघून गेले. तेच रूप एके काळी शब्दांवर सही करत होते. आज ते सही टाळण्यासाठी वापरता येते. शब्दाच्या इतिहासात असे उलटे वळण क्वचितच इतक्या स्पष्टपणे दिसते.

स्वयं-अध्ययन प्रश्न २

(अ) पुढील वाक्यांतील ‘म्हणून’ला ‘असा विचार करून’ ही कसोटी लावा आणि ते क्रियापदाच्या जवळ आहे की पूर्ण अव्यय झाले आहे ते सांगा.
 १. उशीर होईल म्हणून आम्ही पहाटेच निघालो.
 २. फांदी तुटली म्हणून तार खाली आली.
(आ) ‘म्हणे’ आणि ‘म्हणतात’ यांतील एक भेद लिहा.

४.३.७ दुसऱ्याचे म्हणणे लिहिताना

या विवेचनाचा व्यावहारिक भाग आता पाहू. एखाद्या तक्रारीत असे वाक्य आहे, अशी कल्पना करा :

(१४) मी पैसे दिले म्हणून त्याने सांगितले.

पैसे कोणी दिले? ‘मी’ म्हणजे तक्रार सांगणारा की ज्याचे शब्द उद्धृत केले तो? मराठीची ‘म्हणून’ रचना मूळ वक्त्याचा ‘मी’ तसाच राहू देते. बोलताना स्वर, हावभाव आणि संदर्भ यांमुळे घोटाळा होत नाही. कागदावर मात्र वाक्याला दोन अर्थ होतात आणि त्यांपैकी एक अर्थ निर्दोष माणसाला देणेकरी ठरवू शकतो. अशा ठिकाणी अवतरणचिन्हे वापरावीत (तो म्हणाला, “मी पैसे दिले”) किंवा नाव घेऊन रचना बदलावी (पैसे स्वतः दिल्याचे त्याने सांगितले).

दुसरा धोका क्रियापदाच्या निवडीत आहे. ‘म्हणाला’, ‘सांगितले’, ‘कबूल केले’, ‘दावा केला’, ‘धमकी दिली’ यांपैकी पहिली दोन क्रियापदे तटस्थ आहेत. ‘कबूल केले’ लिहिताच दोष गृहीत धरला जातो. ‘दावा केला’ लिहिताच संशय व्यक्त होतो. “बघून घेईन” हे शब्द उच्चारले गेले असतील, तर नोंद करणाऱ्याने तेच शब्द लिहावेत. ती धमकी होती की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पुढे दुसऱ्या कोणाचा असतो.

तिसरी गोष्ट ‘म्हणे’ची. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ याच्या कलम ६० नुसार तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागे : पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्याने, ऐकलेली गोष्ट ऐकणाऱ्याने सांगावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. शिक्षण नसलेली एखादी वृद्धा जबाब देताना ‘तो रात्री आला म्हणे’ असे सांगते, तेव्हा ती कायद्याला हवा असलेला भेद आपल्या व्याकरणाने प्रामाणिकपणे पाळत असते. लिहून घेणाऱ्याने ‘म्हणे’ हा बोलीतील पालुपदासारखा शब्द समजून गाळला, तर ऐकलेली गोष्ट पाहिलेली होते आणि उद्या उलटतपासणीत ती वृद्धा खोटी ठरते. खोटी ती नसते. तिचा एक शब्द कागदावर पोहोचलेला नसतो.

४.४ सारांश

बोलणे, सांगणे आणि म्हणणे ही क्रियापदे अनुक्रमे क्रिया, माहिती आणि शब्द यांवर भर देतात. ‘म्हणणे’ची भूतकाळी दोन रूपे आहेत : ‘म्हणाला’ हे बोलणाऱ्याला पुढे आणते, ‘म्हटले’ हे मजकुराला. या धातूचा अर्थ उच्चारापासून नाव, मत, विचार आणि इरादा यांपर्यंत विस्तारला. त्याची म्हणून, म्हणजे, म्हणे ही रूपे व्याकरणिकीकरणाने अव्यये झाली. ‘म्हणून’चे शालेय व्याकरणातील तीन वर्ग हे याच विस्ताराचे टप्पे आहेत. ‘म्हणे’ माहितीचा उगम दाखवते. म्हणून दुसऱ्याचे बोलणे नोंदवताना ते गाळणे हा अर्थाचा बदल ठरतो.

४.५ पारिभाषिक शब्द

व्याकरणिकीकरण : स्वतंत्र अर्थाच्या शब्दाने व्याकरणिक कार्य स्वीकारण्याची प्रक्रिया.
भाषिक क्षेत्र : भिन्न कुळांतील भाषा दीर्घ सहवासाने रचनेच्या दृष्टीने जवळ आलेला प्रदेश.
नाममुद्रा : काव्याच्या शेवटी येणारा, रचनाकाराचे नाव दर्शवणारा शब्दसमूह.
धातुसाधित : धातूला प्रत्यय लागून झालेला, वाक्य पूर्ण न करणारा शब्द.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १. म्हटली २. सांगितले (किंवा ‘सांग’, ‘सांगा’) ३. बोलत. (आ) पहिल्या वाक्यात आई रागावल्याचा अर्थ आहे, दुसऱ्यात संवाद झाल्याचा.

प्रश्न २ : (अ) १. वाक्य टिकते, ‘म्हणून’ क्रियापदाच्या जवळ आहे. २. वाक्य मोडते, तार विचार करू शकत नाही, म्हणून ते पूर्ण अव्यय आहे. (आ) ‘म्हणे’ नुकती कानावर आलेली वार्ता दाखवते. ‘म्हणतात’ परंपरेने चालत आलेली समजूत दाखवते.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘म्हणून’ या शब्दाच्या विविध कार्यांचे सोदाहरण विवेचन करा.
२. ‘म्हणाला’ आणि ‘म्हटले’ यांतील रचनाभेद व अर्थभेद स्पष्ट करा.
३. ‘तुका म्हणे’मधील ‘म्हणे’ आणि ‘भाव उतरले म्हणे’मधील ‘म्हणे’ यांची तुलना करा.

क्षेत्रीय कार्य : तुमच्या घरातील किंवा गावातील एका ज्येष्ठ व्यक्तीशी, तिची अनुमती घेऊन, पंधरा मिनिटे संवाद साधा व तो ध्वनिमुद्रित करा. बागलाण, कळवण, मालेगाव या भागांतील विद्यार्थ्यांनी शक्य असल्यास अहिराणी भाषक निवडावा. संवादातील म्हणणे, बोलणे, सांगणे यांची सर्व रूपे जशी ऐकू आली तशी लिहा. ती प्रमाण भाषेत बदलू नका. जेथे ‘म्हणे’ किंवा त्या अर्थाचे रूप आले असेल, तेथे ते गाळून वाक्य पुन्हा वाचा आणि त्या व्यक्तीच्या बोलण्यातून काय हरवले, ते दहा ओळींत नोंदवा. ही नोंद त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिचे त्यावर काय म्हणणे आहे, तेही तिच्याच शब्दांत लिहा.